संगणकाचा पहारेकरी कसा निवडावा?



गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झाले, त्या पहिल्याच आठवड्यातील ही गोष्ट. अकरावीचे प्रात्यक्षिक संपले. मुले वह्या आवरून निघून गेली, पण एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळत राहिला.

"काय रे, व्हर्नियरचे वाचन पुन्हा चुकले का?" मी विचारले.

"नाही सर. घरचा संगणक बिघडलाय. सगळ्या फाइलींना कुलूप लागलंय आणि पडद्यावर पैशांची मागणी लिहून आलीय."

हकिगत अशी होती. हा मुलगा रोज रात्री आठ वाजता मोटार शर्यतीचा गेम खेळावयास बसे. शर्यत ऐन रंगात आली की चित्र अडखळे आणि त्याची गाडी कठड्यावर आदळे. एका मित्राने सल्ला दिला, "अँटिव्हायरस बंद कर, गेम सुसाट पळेल." त्याने तो बंद केला. दोन दिवसांनी त्याच मित्राने शर्यतीतील सगळ्या गाड्या फुकट मिळवून देणारी एक छोटीशी आज्ञावली पाठविली. ती चालविली आणि घात झाला. त्याच संगणकावर त्याची आई महिला बचत गटाचे हिशेब ठेवीत असे. चौदा जणींनी पै पै करून भरलेले हप्ते, घेतलेली कर्जे, त्यांवरील व्याज असा दोन वर्षांचा हिशेब एका रात्रीत वाचता येईनासा झाला.

मुलाने मला दोन प्रश्न विचारले. पहिला, अँटिव्हायरस चालू ठेवला असता तर हे टळले असते का? दुसरा, गेम खरोखरच त्याच्यामुळे अडखळत होता का? दोन्ही प्रश्न फार चांगले आहेत. गेमिंगच्या संगणकासाठी अँटिव्हायरस कसा निवडावा, हा तुमच्यापैकी अनेकांना पडणारा प्रश्न त्यांतूनच सुटतो. त्यासाठी आधी थोडा हिशेब करू.

सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

पडद्यावरील गाडी पळताना दिसते ती सिनेमाच्याच तत्त्वाने. संगणक एकामागून एक स्थिर चित्रे काढतो आणि आपल्या डोळ्यांना गती भासते. अशा एका चित्रास फ्रेम म्हणतात. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवीत असेल, तर एका फ्रेमसाठी मिळणारा वेळ १००० भागिले ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत संगणकाने तुमची कळ वाचावयाची, गाडीची नवी जागा काढावयाची, टक्कर झाली का ते पाहावयाचे आणि संपूर्ण चित्र रंगवावयाचे. एखादे काम वेळेत झाले नाही तर जुनेच चित्र पडद्यावर राहते. यालाच आपण "गेम अडखळला" असे म्हणतो.

आता एक गंमत पाहा. समजा, दहा सेकंदांच्या शर्यतीत केवळ एकच फ्रेम २०० मिलिसेकंद अडकली आणि बाकीच्या साऱ्या वेळेवर आल्या. उरलेल्या ९.८ सेकंदांत ५८८ फ्रेम बसतात. अडकलेली एक धरून एकूण ५८९. म्हणजे सरासरी सेकंदाला ५८.९ फ्रेम. आकडा पाहून कोणीही म्हणेल की सारे छान चालले आहे! पण ताशी १८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. त्या २०० मिलिसेकंदांत ती १० मीटर पुढे गेली आणि तुम्हांला ते दिसलेच नाही. वळण असेल तर कठडा ठरलेलाच.

सरासरी वेग आणि क्षणिक वेग यांतील फरक तुम्ही पुस्तकात शिकता, तो येथे असा कामास येतो. "अमुक अँटिव्हायरसने सरासरी फक्त दोन टक्के कमी होते" एवढ्या माहितीवरून गेम सुरळीत चालेल की नाही ते कळत नाही. सर्वांत मंद फ्रेम किती मंद होत्या, हे विचारावे लागते.

पहारेकरी नेमके काय करतो?

व्यक्तिगत संगणकावरील आरंभीच्या विषाणूंपैकी 'एल्क क्लोनर' हा १९८२ सालचा. अमेरिकेतील रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाने तो ॲपल २ या संगणकासाठी लिहिला होता. १९८६ साली लाहोरमधील दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीवरून दूरवर पसरला. त्या काळी तपासणीचे काम वेगळे आणि खेळाचे काम वेगळे असे. फ्लॉपी घालावयाची, विषाणू शोधणारी आज्ञावली चालवावयाची, ती संपली की आपले काम सुरू करावयाचे. आपल्या पुण्यातही या कामाची सुरुवात अशीच झाली. कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० नंतरच्या दशकात दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी जी आज्ञावली तयार केली, तिच्यातूनच पुढे 'क्विक हील' उभे राहिले.

आज फ्लॉपी गेली आणि फाइली इंटरनेटवरून अखंड येत राहिल्या. म्हणून पहारेकऱ्यासही अखंड उभे राहावे लागते. तो संगणकाच्या कारभाराच्या अगदी गाभ्यात, म्हणजे विंडोजसारख्या प्रणालीच्या आतल्या थरात बसतो. कोणत्याही आज्ञावलीने "ही फाइल उघड" असे म्हटले की ती मागणी आधी त्याच्या हातून जाते. हे स्थान किती नाजूक आहे याचा अनुभव १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने घेतला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीच्या एका सदोष सुधारणेमुळे विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळ, बँका आणि रुग्णालये यांचे काम खोळंबले. एवढ्या आत बसणाऱ्या आज्ञावलीची निवड जाहिरात पाहून करू नये, हे यावरून ध्यानात येईल.

परीक्षा केंद्राच्या दारावरील शिपाई डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र तो पाहतो. विद्यार्थी एकेक करून आले तर कोणालाच थांबावे लागत नाही. पण घंटा होण्याआधी पाच मिनिटे एकदम तीनशे जण आले, तर रांग लागते. शिपाई हुशार असेल तर तपासलेल्या मुलाच्या हातावर शिक्का मारतो, म्हणजे पाणी पिऊन परत येणाऱ्याला पुन्हा प्रवेशपत्र दाखवावे लागत नाही.

चांगला अँटिव्हायरस नेमके हेच करतो. एकदा तपासलेली फाइल बदललेली नसेल तर तो ती पुन्हा वाचीत बसत नाही. नवा गेम घातल्यावर पहिल्या वेळी तो उघडावयास बराच वेळ लागतो आणि नंतर कमी लागतो, त्याचे एक कारण हे शिक्के होत. गेमचा नवा टप्पा उघडताना हजारो फाइली एकदम मागविल्या जातात, तेव्हा दाराशी रांग लागते. टप्पा एकदा स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये आला की पहारेकऱ्याला फारसे काम उरत नाही. म्हणून बहुतेक वेळा अँटिव्हायरसचा परिणाम गेम उघडताना जाणवतो. प्रत्यक्ष खेळताना तो जाणवू लागला तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

परिपूर्ण पहारेकरी का मिळत नाही?

तुम्ही म्हणाल, तपासणीला इतका वेळ हवाच कशाला? फाइल वाईट आहे की चांगली, एवढेच तर सांगावयाचे! पण हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८३ साली संगणक-विषाणूंवर प्रयोग केले. पुढे त्याने हेही दाखवून दिले की प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी आज्ञावली असूच शकत नाही. त्याचा युक्तिवाद तुम्हांला भूमितीतील विरोधाभासाच्या सिद्धतेसारखा वाटेल.

समजा, कधीही न चुकणारा एक परीक्षक आहे. आता मी एक खट्याळ आज्ञावली लिहितो. ती सुरू होताच परीक्षकाला स्वतःविषयीच विचारते, "मी विषाणू आहे का?" परीक्षक "होय" म्हणाला तर ती काहीच न करता स्वस्थ बसते. "नाही" म्हणाला तर ती आपल्या प्रती करून पसरू लागते. परीक्षकाने कोणतेही उत्तर दिले तरी ते चुकतेच! तेव्हा कधीही न चुकणारा परीक्षक असू शकत नाही.

यातून आपल्या विषयासाठी एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. संपूर्ण खात्री कितीही वेळ खर्चून मिळत नाही, म्हणून किती वेळ खर्चावयाचा हे प्रत्येक अँटिव्हायरस बनविणाऱ्याला ठरवावे लागते. फाइलीतील ओळखीच्या खुणा शोधणे हे झटपट काम. फाइलीचा गणिती ठसा काढून तो दूरच्या संगणकावरील यादीशी ताडून पाहणे, यास इंटरनेटवरून उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. संशयास्पद आज्ञावली बंदिस्त जागेत चालवून तिचे वर्तन पाहणे हे त्याहून वेळखाऊ काम. कोणती तपासणी केव्हा करावयाची याचे धोरण प्रत्येकाचे वेगळे, म्हणून एक अँटिव्हायरस हलका वाटतो तर दुसरा जड.

आणि म्हणूनच मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे : पहारेकरी जागा असता तर तो विषाणू बहुधा पकडला गेला असता, पण तशी हमी कोणी देऊ शकणार नाही. पहारेकरी झोपविलेला असताना मात्र वाचण्याची संधीच उरली नव्हती.

खरा अडथळा : फिरती तबकडी

आता दुसरा प्रश्न. यासाठी आपण भौतिकशास्त्राकडे वळू. जुन्या संगणकांत माहिती हार्ड डिस्कवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर साठविलेली असते. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२० फेरे झाले. एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचक टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास सुमारे ९ मिलिसेकंद धरा. बेरीज झाली १३ मिलिसेकंद. फ्रेमसाठी आपल्याजवळ १६.७ मिलिसेकंद होते, हे आठवा!

अँटिव्हायरसची संपूर्ण तपासणी चालू असेल तर तो एकेक फाइल वाचत तबकडीवर फिरत असतो. त्याच वेळी गेमला रस्त्याचा पुढचा भाग हवा असतो. वाचणारे दोघे आणि टोक एकच. ते कधी याच्यासाठी तर कधी त्याच्यासाठी इकडून तिकडे धावते. गेमच्या मागणीपुढे अशा चार मागण्या रांगेत असल्या तर तिला पाच वेळा १३, म्हणजे ६५ मिलिसेकंद लागतात. चार फ्रेम हुकल्याच म्हणून समजा.

नव्या संगणकांतील एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. माहिती विद्युतभाराच्या रूपात ठेवलेली असल्यामुळे एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर होते. म्हणजे तोच अँटिव्हायरस, तोच गेम आणि तीच तपासणी असूनही वाट पाहण्याचा काळ शंभरपट कमी. त्यातच आजच्या प्रोसेसरमध्ये चार, सहा किंवा आठ गाभे असतात. गेम एका गाभ्यावर जोर लावीत असताना पहारेकरी दुसऱ्यावर काम करू शकतो. तेव्हा "अँटिव्हायरसने गेम मंद होतो का?" या प्रश्नाचे उत्तर अँटिव्हायरसइतकेच तुमच्या संगणकावरही अवलंबून असते.

आम्ही त्या मुलाचा संगणक इंटरनेटपासून तोडून पाहिला. आत जुनी हार्ड डिस्क होती. बंद करून ठेवलेल्या अँटिव्हायरसचे वेळापत्रक उघडले तर त्यात रोजच्या संपूर्ण तपासणीची वेळ लिहिली होती : रात्री ८ वाजता! संगणक बसवून देणाऱ्याने ती ठरवून दिली होती आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. पहारेकरी आणि खेळाडू रोज एकाच वेळी एकाच तबकडीवर भांडत होते. तपासणीची वेळ दुपारी दोनची केली असती तरी काम भागले असते.

निवडताना काय पाहावे?

*पहिली गोष्ट, आधीपासून काय आहे ते पाहा.* विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस अंगभूत येतो आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरा अँटिव्हायरस घातला की डिफेंडर सहसा आपण होऊन बाजूला होतो. पुष्कळांना अंगभूत पहारा पुरतो. विकतचा घ्यावयाचा तर त्यात अधिक काय मिळते ते विचारून घ्या.

*दुसरी, तटस्थ चाचण्या वाचा.* ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील 'एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज' आणि जर्मनीतील माग्देबुर्ग येथील 'एव्ही-टेस्ट' या संस्था अँटिव्हायरसची नियमित परीक्षा घेतात. फाइलींची प्रत काढणे, आज्ञावली उघडणे, इंटरनेटवरून फाइल उतरविणे अशी कामे करवून संगणक किती मंदावतो तेही मोजतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातील सुलभता यांना प्रत्येकी ६ गुण ठेवते. आधी संरक्षणाचे गुण पाहा आणि तेथे उत्तीर्ण झालेल्यांतून हलका निवडा. उलट क्रमाने निवडलेला पहारेकरी चपळ असेल, पण चोर ओळखणार नाही.

*तिसरी, 'गेम मोड' म्हणजे काय ते नीट समजून घ्या.* गेम पूर्ण पडद्यावर चालू झाला की सूचना दाखविणे, ठरलेली तपासणी आणि मोठ्या सुधारणा पुढे ढकलणे हे चांगल्या गेम मोडचे काम. फाइल उघडतानाचा पहारा मात्र चालूच राहिला पाहिजे. जो गेम मोड पहाराच बंद करतो, तो तुमच्या उपयोगाचा नाही.

*चौथी, वेळापत्रक आपल्या हाती हवे.* तपासणी केव्हा करावयाची आणि संगणक रिकामा असतानाच करावयाची का, हे ठरविता आले पाहिजे.

*पाचवी, नको ती भर टाळा.* काही अँटिव्हायरसबरोबर वेगळा ब्राउझर, 'वेग वाढविणारे' साधन अशा बऱ्याच गोष्टी येतात. त्या साऱ्या रॅममध्ये जागा अडवितात. रॅम भरली की विंडोज काही माहिती डिस्कवर हलविते आणि पुन्हा त्या १३ मिलिसेकंदांशी गाठ पडते. काही फुकट अँटिव्हायरस मध्येच जाहिराती दाखवून गेमचा पडदा लहान करतात, तो त्रास निराळाच.

*सहावी, पहारेकरी एकच ठेवा.* दोन ठेवले तर एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासतो आणि दुसऱ्याने उघडलेली पहिला. दोघे एकमेकांनाच चोर समजण्याचीही शक्यता असते. संरक्षण दुप्पट होत नाही, वेळ मात्र दुप्पट जातो.

*सातवी, मुदत पाहा.* नव्या संगणकाबरोबर काही महिन्यांपुरता येणारा अँटिव्हायरस मुदतीनंतर नव्या विषाणूंची माहिती मिळवीत नाही. तो वजन तेवढेच टाकतो आणि पहारा मात्र जुन्या यादीवर देतो. विंडोजच्या सुधारणांचेही तसेच आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणक बंद पाडले. ज्या दोषातून तो शिरला, त्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता! विंडोज १० साठी मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात ठेवा.

काही जण गेमचा फोल्डर तपासणीतून वगळण्याचा सल्ला देतात. त्याने टप्पे लवकर उघडतात हे खरे, पण बाहेरून आणलेल्या नव्या गाड्या, नवे नकाशे आणि फसव्या युक्त्यांच्या फाइली नेमक्या त्याच फोल्डरात जातात. आणि गेमच्या फाइलींशी कोणाला काय कर्तव्य, असे समजू नका. २०१५ साली आढळलेला 'टेस्लाक्रिप्ट' हा विषाणू मुद्दाम अनेक लोकप्रिय गेमच्या फाइली शोधून कुलूपबंद करी आणि खंडणी मागे. मे २०१६ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी आपला गाशा गुंडाळून किल्ली जाहीर केली. असा योग सहसा येत नाही. तेव्हा वगळण्याचा मार्ग अगदी शेवटचा समजा.

स्वतः मोजा

दुसऱ्याच्या संगणकावरील आकडे तुमच्या संगणकाला लागू पडतीलच असे नाही. म्हणून हा छोटा प्रयोग नोंदवहीत लिहून करा. शाळेच्या संगणकावर करावयाचा तर शिक्षकांची परवानगी घ्या.

साहित्य : संगणक, एक गेम, मोबाइलमधील स्टॉपवॉच.

कृती : संगणक पुन्हा सुरू करून पाच मिनिटे थांबा. गेमवर क्लिक केल्यापासून शर्यत सुरू होईपर्यंतचा वेळ मोजा. असे पाच वेळा करा. प्रत्येक वेळी संगणक पुन्हा सुरू करावयास विसरू नका, कारण विंडोज नुकत्याच वाचलेल्या फाइली रॅममध्ये ठेवते आणि दुसरे वाचन आपोआप लवकर होते. मग तीच शर्यत त्याच रस्त्यावर पाच मिनिटे खेळून किती वेळा अडखळली ते मोजा. 'विंडोज' आणि 'जी' या कळा एकत्र दाबल्या की उघडणाऱ्या गेम बारमध्ये फ्रेमची संख्या आणि प्रोसेसरवरील भार दिसतो. प्रत्येक फ्रेमचा वेळ हवा असेल तर इंटेलची 'प्रेझेंटमॉन' ही मोफत आज्ञावली मिळते. यानंतर एकच गोष्ट बदला (तपासणी चालू ठेवा, गेम मोड लावा किंवा दुसरा अँटिव्हायरस घाला) आणि सारे पुन्हा करा.

निष्कर्ष काढताना घाई नको. समजा, पहिल्या अँटिव्हायरसने ४१, ४३, ४२, ४४, ४० सेकंद लागले. सरासरी ४२. दुसऱ्याने ४३, ४२, ४५, ४१, ४४. सरासरी ४३. दुसरा मंद आहे का? वाचने स्वतःच दोन सेकंद मागेपुढे होत आहेत, तेव्हा एका सेकंदाच्या फरकावरून काहीच सांगता येत नाही. तिसऱ्याने ५५, ५७, ५४, ५८, ५६ सेकंद लागले, तर मात्र तो जड आहे असे खुशाल म्हणा.

एक सूचना : "अँटिव्हायरसशिवाय किती वेग मिळतो ते पाहू" असा मोह होईल. या प्रयोगाला त्याची गरज नाही. आपल्याला एका पहाऱ्याची दुसऱ्याशी तुलना करावयाची आहे.

मोजूनही फरक सापडला नाही तर चोर दुसरीकडे आहे. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. वैशाखात हा अनुभव हमखास येतो. मागे ब्राउझरची वीस पाने उघडी असणे, लॅपटॉप बॅटरीवर चालणे, नव्या गेमने दृश्ये प्रथमच तयार करणे यांनीही गेम अडखळतो. आरोप मात्र बिचाऱ्या पहारेकऱ्यावर येतो.

पुढे काय झाले?

त्या मुलाच्या घरचा संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालावी लागली. खंडणी भरली नाही, आणि भरून फाइली परत मिळाल्याच असत्या असेही नाही. त्याच्या आईने गटाच्या पासबुकांवरून आणि बायकांच्या वह्यांवरून हिशेब पुन्हा मांडावयास घेतला. मुलगा रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून आकडे भरीत असे. सात महिन्यांच्या व्याजाचा मेळ काही केल्या लागेना. शेवटी गटाच्या बैठकीत सगळ्या जणींच्या संमतीने तो ठरवावा लागला. हे सारे तो मला सांगत होता तेव्हा गेमचे नावही त्याच्या तोंडी नव्हते.

आता त्या संगणकात छोटी एसएसडी आहे, अंगभूत अँटिव्हायरस आहे आणि तपासणीची वेळ रविवारी दुपारी दोनची आहे. दर शनिवारी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली जाते आणि तो पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवला जातो. हे शेवटचे काम कोणताही अँटिव्हायरस तुमच्यासाठी करणार नाही. संगणकाला जोडलेलाच नसलेला पेनड्राइव्ह कोणत्याही विषाणूला कुलूपबंद करता येत नाही. तुमच्या घरी अशी प्रत आहे का, ते आजच पाहा.

स्वाध्याय

१. गेम सेकंदाला १४४ फ्रेम दाखवितो. एका फ्रेमसाठी किती वेळ मिळतो?

२. हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. अर्ध्या फेऱ्यास किती वेळ लागतो?

३. गेमचा टप्पा उघडताना ३००० फाइली लागतात आणि प्रत्येकीच्या तपासणीस २ मिलिसेकंद जातात. एकूण विलंब किती? त्यांपैकी २७०० फाइलींवर आधीच 'शिक्का' असेल तर किती?

उत्तरे : १. सुमारे ६.९ मिलिसेकंद. २. सुमारे ५.६ मिलिसेकंद. ३. ६ सेकंद, ०.६ सेकंद.